नातू कोणत्या देशाचा?

२०२५ सालच्या मार्गशीर्षांत बुटीबोरीस एका स्नेह्यांच्या घरीं आम्हांस बारशाचें बोलावणें होतें. नागपूरच्या दक्षिणेस, वर्ध्याच्या वाटेवर, सुमारें तीस किलोमीटरांवर हें गांव आहे. उमरेडकडे जाणारा रेल्वेचा फांटा जेथें फुटतो तें स्टेशन, एवढीच एके काळीं बाहेरच्या माणसास त्याची ओळख होती. आतां तेथील औद्योगिक वसाहतीमुळें देशाच्या चारी दिशांचीं माणसें पोटासाठीं तेथें येऊन राहिलीं आहेत. आमच्या स्नेह्यांनीं त्यांतीलच एका कारखान्यांत हिशेबनिसाचें काम करून आयुष्य काढलें. निवृत्त झाल्यावर गांवांतच घर बांधून थोरले बंधु, वहिनी, धाकटे चिरंजीव, सून व नातवंडें यांसह ते तेथें राहतात.

बारसें होतें, परंतु बाळ घरांत नव्हतें. तें न्यू जर्सींत आपल्या आईच्या मांडीवर होतें. स्नेह्यांचे थोरले चिरंजीव संगणकाच्या नोकरीनिमित्त चार वर्षांपूर्वीं सहकुटुंब तिकडे गेले आहेत. नातवाचा पाळणा आपल्या घरींही हललाच पाहिजे, असा आजीबाईंचा हट्ट. म्हणून जुना सागवानी पाळणा माळ्यावरून काढून, धुऊन-पुसून फुलांनीं सजविला होता. त्यांत वरवंट्यास कुंची घालून निजविलें होतें, आणि उशाशीं मोबाइल टेंकून ठेविला होता. येथें सायंकाळचे साडेसहा, तेथें सकाळचे आठ. पाळण्याच्या खालून-वरून वरवंटा फिरला, बायकांनीं नांव घेतलें, घुगऱ्या वाटल्या, आणि पडद्यावरील बाळानें एक मोठी जांभई दिली तेव्हां सर्वांस धन्य वाटलें.

पूजेच्या आरंभीं मात्र एक लहानशी अडचण उपस्थित झाली होती. गुरुजी संकल्प सांगूं लागले, तोंच थोरल्या वहिनींनीं विचारलें, "गुरुजी, पूजा इथें आणि बाळ तिथें. मग देश कोणता म्हणायचा?"

"कर्ता जिथें बसतो तो देश, काकू," गुरुजी म्हणाले.

"तो कर्त्याचा झाला. बाळाचा कोणता?"

"तें माझ्या पोथींत नाहीं. तें तुमच्या पुतण्याला विचारा."

सगळे हसले. पडद्यावरचे चिरंजीव मात्र हसले नाहींत. कारण ज्या देशांत त्यांच्या मुलानें डोळे उघडले, त्या देशांत नेमका हाच प्रश्न न्यायासनापुढें उभा होता. फराळाच्या वेळीं आजोबा आम्हांस म्हणाले, "तुम्ही दर महिन्याला कांहींतरी लिहीतच असतां. एकदां हें नीट उलगडून लिहा. वर्तमानपत्रांत रोज वाचतों, पण आमच्या घरांत कोण कोणत्या देशाचा, हें त्यावरून कांहीं कळत नाहीं." त्या आज्ञेचें पालन म्हणून या महिन्याचीं हीं पानें.

प्रश्न जुनाच आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत अपत्य बीजाचें कीं क्षेत्राचें, असा एक वाद मांडलेला आहे. त्या वादाचें प्रयोजन निराळें होतें. परंतु नागरिकत्वाविषयीं आजचे कायदेपंडित जो वाद घालतात, त्याचा सांचा तोच. कांहीं देश म्हणतात, मूल आईबापांच्या देशाचें. तें कोठेंही जन्मो. दुसरे म्हणतात, ज्या भूमीवर मूल जन्मलें त्या भूमीचें तें. आईबाप कोणीही असोत. पहिल्या पक्षास बीजाचा म्हणावें, दुसऱ्यास क्षेत्राचा. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना हे देश क्षेत्राच्या पक्षाचे. युरोपांतील बहुतेक राष्ट्रें बीजास अधिक मान देतात. ब्रिटननें १९८३ पासून केवळ जन्मामुळें नागरिकत्व देणें बंद केलें, आणि आयर्लंडनें २००४ सालीं लोकमत घेऊन तोच मार्ग धरला.

अमेरिकेनें क्षेत्राचा पक्ष धरला तो सहज नव्हे. १८५७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉट या गुलामाच्या फिर्यादींत असा निर्णय दिला होता कीं, आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांस त्या देशाचें नागरिक होतांच येत नाहीं. पुढें यादवी युद्ध झालें, गुलामगिरी गेली, आणि १८६८ सालीं राज्यघटनेस चौदावी दुरुस्ती झाली. त्या देशांत जन्मलेली व त्याच्या अधिकारक्षेत्राखालीं असलेली प्रत्येक व्यक्ति त्या देशाची नागरिक होय, असा तिचा आशय. बापाची जात, वर्ण, कूळ विचारून मुलाची किंमत ठरविण्याची वहिवाट मोडावी, हा त्या वाक्याचा हेतु होता.

त्या वाक्याची कसोटी तीस वर्षांनीं लागली. वाँग किम आर्क हा चिनी आईबापांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोंत १८७३ सालीं जन्मला. त्या काळीं चिनी माणसास अमेरिकेचें नागरिक होण्याची बंदी होती. १८९५ सालीं चीनची यात्रा करून तो परतला, तेव्हां 'तूं येथला नव्हेस' म्हणून त्यास बंदरावरच अडविलें. तो न्यायालयांत गेला. १८९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, बाप परका असला तरी मुलगा येथें जन्मला, म्हणून तो येथलाच.

हा निकाल आपल्या लोकांच्याही कसा उपयोगीं पडला, हें फार थोड्या घरांत ठाऊक असतें. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं हिंदी मनुष्य 'गोरा' नव्हे, सबब तो अमेरिकेचा नागरिक होण्यास अपात्र. त्याबरोबर, ज्या हिंदी लोकांस पूर्वीं नागरिकत्व मिळालें होतें त्यांचेंही तें काढून घेण्यास तेथील सरकारनें आरंभ केला. त्यांत अहमदाबादेस जन्मलेले व लॉस एंजेलिसमध्यें वकिली करणारे सखाराम गणेश पंडित हे होते. थिंद यांची बाजूही त्यांनींच मांडली होती. पंडितांस १९१४ सालीं नागरिकत्व मिळालें होतें. तें गेलें असतें तर वकिलीची सनद, घरदार आणि त्यांच्या अमेरिकन पत्नीचें नागरिकत्वही धोक्यांत येणार होतें. एका पुरुषाच्या कागदावर सारा संसार कसा टेंकलेला असतो, हें त्यांनीं न्यायालयास दाखविलें. वरिष्ठ न्यायालयानें १९२६ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्यास नकार दिला.

पंडित वकील होते म्हणून तरले. कॅलिफोर्नियांतील पंजाबी शेतकऱ्यांस तो आधार नव्हता. परक्यानें जमीन धारण करूं नये असा कायदा तेथें होता, व हिंदी माणूस तर कायमचा परका ठरला होता. तेव्हां त्यांतील कांहीं कुटुंबांनीं जमीन आपल्या तेथें जन्मलेल्या मुलांच्या नांवें घेतली. बापास जें राज्य नागरिक मानीत नव्हतें, तेंच त्याच्या पांच वर्षांच्या मुलास नागरिक मानीत होतें. आणि त्या मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर घर उभें होतें. १९४६ सालीं कायदा बदलून हिंदी लोकांस तेथें नागरिक होण्याची वाट मोकळी झाली. तोंपर्यंत तग धरला तो या दाखल्यांच्या बळावर.

आतां आमच्या स्नेह्यांच्या घराकडे वळूं. २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं एक आदेश काढला. बाप अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, आणि आई तेथें बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर परंतु तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल, तर अशा जोडप्याच्या मुलास जन्मानें नागरिकत्व मिळणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ. तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलांस तो लागू व्हावयाचा होता. चौदाव्या दुरुस्तींतील 'अधिकारक्षेत्राखालीं' हे शब्द तात्पुरत्या रहिवाशांस लागू पडत नाहींत, आणि वाँग किम आर्कचे आईबाप तेथें कायमचें घर करून होते, असें सरकारचें म्हणणें. चोरवाटेनें शिरलेल्यांसंबंधीं हा वाद आहे, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. पण आदेशाचा दुसरा भाग ज्यांस लागतो, त्यांत एच-१बी परवान्यावर गेलेला आमचा अभियंता आणि त्याच्या आधारानें एच-४ वर गेलेली त्याची पत्नी अगदीं नेमकीं बसतात. एच-१बीचीं जीं मंजुरीपत्रें निघतात, त्यांत अलीकडच्या वर्षांत दहांपैकीं सुमारें सात भारतीयांचीं आहेत.

आदेशास न्यायालयांनीं लगेच अडविलें. सिएटल येथील न्यायाधीशानें २३ जानेवारीसच त्यास तात्पुरती स्थगिति दिली. २७ जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, एका जिल्हा-न्यायाधीशानें साऱ्या देशापुरती मनाई सरसकट देऊं नये. मूळ प्रश्नास मात्र त्यानें त्या वेळीं हात लावला नाहीं. १० जुलै रोजीं न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशानें अशा सर्व बालकांचा एक वर्ग मानून त्या वर्गापुरती पुन्हां मनाई दिली. आणि ५ डिसेंबर २०२५ रोजीं, म्हणजे आमच्या बारशाच्या सुमारास, सर्वोच्च न्यायालयानें मूळ प्रश्नच ऐकावयाचें ठरविलें. न्यायाधीश काय म्हणतात हें कायद्याच्या पुस्तकांत लिहिलें जाईल. पण एका घरास त्या महिन्यांत पाळण्याची दोरी ओढतांना काय वाटलें, हें त्या पुस्तकांत येत नाहीं.

त्या घरांत आणखी एक गोष्ट आहे. बाळाची बहीण सात वर्षांची. ती २०१८ सालीं नागपुरास जन्मली व तिसऱ्या वर्षीं आईबापांबरोबर तिकडे गेली. ती तेथल्या शाळेंत जाते, तेथल्यासारखें बोलते. पण ती भारताची नागरिक आहे, आणि आईबापांच्या परवान्याच्या छत्राखालीं तेथें राहते. तें छत्र सामान्यतः एकवीस वर्षांपर्यंतच पुरतें. तोंपर्यंत बापास कायम रहिवासाचें पत्र, ज्यास लोक ग्रीन कार्ड म्हणतात तें, मिळालें तर ठीक. परंतु नोकरीच्या आधारें मिळणाऱ्या अशा पत्रांत कोणत्याही एका देशास सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक वांटा मिळत नाहीं, त्यामुळें भारतीयांची रांग पुष्कळ वर्षांची झाली आहे. मुलगी एकवीस वर्षांची झाली आणि रांग संपली नाहीं, तर तिला स्वतःचा निराळा परवाना शोधावा लागेल, नाहीं तर परतावें लागेल. तिच्या धाकट्या भावास हें कांहींच करावें लागूं नये, असें चौदावी दुरुस्ती आजवर सांगत आली. एका आईच्या दोन मुलांपैकीं एकास ती भूमि आपली, आणि दुसरीस भाड्याची!

"मुलगी थोरली, पण हक्क धाकट्याचा," आजीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. पण आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हा परमुलखाचा कज्जा; आपलें घर नीट आहे ना? म्हणून आपल्या घराकडेही पाहिलें पाहिजे.

आपल्या घटना-समितीपुढें हा प्रश्न १९४७ च्या एप्रिलांत आला. या संघराज्यांत जन्मलेला व त्याच्या अधिकारक्षेत्राखालीं असलेला प्रत्येक मनुष्य नागरिक, असें कलम सल्लागार समितीनें सुचविलें होतें; अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीची छाया त्यावर स्पष्ट दिसते. सरदार पटेलांनीं त्याचें समर्थन करतांना एक गोष्ट सांगितली, ती विसरण्यासारखी नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेल्या हिंदी लोकांस तेथील नागरिकत्व मिळावें असें आपण मागतों. मग आपल्या देशांत आपण संकुचित दृष्टि धरणें योग्य नव्हे, असें त्यांचें म्हणणें.

दुसरी बाजूही बलवान होती, आणि ती मांडणारा पुरुष आमच्या विदर्भांतलाच होता. १९४९ च्या ऑगस्टांत डॉ. पंजाबराव देशमुख समितींत म्हणाले कीं, अशा कलमानें भारताचें नागरिकत्व जगांत सर्वांत स्वस्त होईल. एखादें परदेशी जोडपें विमानानें जातांना मुंबईस कांहीं घटका उतरलें, व तेवढ्यांत ती बाई प्रसूत झाली, तर तें मूलही भारतीय काय, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. देश म्हणजे धर्मशाळा नव्हे. आपल्यांत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहेच.

पुढें १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा झाला. त्यानें प्रथम सरदारांची उदार वाट धरली आणि नंतर ती पायरीपायरीनें अरुंद होत गेली. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळांत जो भारतांत जन्मला तो, परकीय वकिलांचीं मुलें वगैरे थोडे अपवाद सोडल्यास, जन्मानें भारताचा नागरिक. आईबाप कोणीही असोत. बांगलादेश, श्रीलंका इत्यादि ठिकाणांहून पुष्कळ लोक गुपचूप येतात या कारणास्तव १९८६ सालीं कायदा बदलला, आणि १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकीं एक तरी भारतीय नागरिक असणें आवश्यक झालें. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेंही नागरिक असावीं, किंवा एक नागरिक असून दुसरें बेकायदा आलेलें नसावें, असा नियम आहे. म्हणजे जो नियम अमेरिकेंत आला म्हणून आमच्या घरांत चिंता पसरली, त्याच जातीचा, किंबहुना कांहीं बाबतींत अधिक कडक नियम आमच्या देशांत दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. आम्हांस तो टोंचला नाहीं, कारण तो आमच्या नातवास लागत नाहीं.

ज्यांस तो लागतो, तीं माणसें मात्र दूर नाहींत. नागपुरांत दर हिवाळ्यांत तिबेटी लोक स्वेटरांचा बाजार मांडतात. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तेथली एखादी लोकरी बंडी असेल. या लोकांची एक वसाहत आमच्या विदर्भांतच, गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवाजवळ आहे. १९७२ सालीं ती वसली, तेव्हां तो भाग भंडारा जिल्ह्यांत होता. गेल्या हिवाळ्यांत स्वेटर घेतांना एका बाईशीं आमचें बोलणें झालें. ती चांगली हिंदी बोलते, मराठी समजते, आणि तिनें तिबेट कधीं पाहिलेला नाहीं. तिचा भाऊ १९८६ सालीं जन्मला, आणि ती १९८८ सालीं. एकाच वसाहतींत, एकाच आईच्या पोटीं.

या दोघांत कायद्यानें रेघ ओढली आहे. १९८७ पूर्वीं भारतांत जन्मलेले तिबेटी जन्मानेंच भारतीय नागरिक होत, असें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१० सालीं एका तिबेटी तरुणीच्या अर्जावर ठरविलें. निवडणूक आयोगानें २०१४ सालीं त्यांस मतदार-यादींत घेण्याची सूचना दिली, आणि २०१६ सालीं पासपोर्टाच्या प्रकरणीं न्यायालयानें तेंच पुन्हां सांगितलें. म्हणून भाऊ मत देतो. बहीण परदेशी म्हणून नोंदलेली. ठराविक मुदतीनें तिला आपलें नोंदणीपत्र नवें करून घ्यावें लागतें. तिचा गुन्हा एवढाच कीं ती दोन वर्षें उशिरा जन्मली. न्यू जर्सींत भावंडांची ताटातूट स्थळानें केली, येथें ती काळानें केली. आजीबाईंस आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या नातीसारखीच ती."

याचा अर्थ सीमा मोकळ्या टाकाव्या असा नव्हे. पंजाबरावांच्या विमानांतील बाळाविषयीं मतभेद होऊं शकतो. त्याचे आईबाप घटकाभर उतरले आणि गेले. पण जेथें आईबापांनीं घर केलें, कर भरला, मुलास शाळेंत घातलें, तेथें तें मूल वाटसरू उरत नाहीं. त्यास दुसरें गांवच नसतें. बाप परका असूं शकतो, कारण त्यास आपला देश आठवतो. मुलास आठवावयास दुसरा देश नाहीं. त्यास परकें ठरविणें म्हणजे त्याच्या आठवणींत नसलेल्या ठिकाणीं त्यास परत पाठविणें होय. आमच्या नातवाविषयीं हें आम्हांस चटकन पटतें. तें स्वेटरवालीविषयींही पटावें, एवढेंच आमचें म्हणणें. सरदारांनीं दक्षिण आफ्रिकेचें नांव घेऊन १९४७ सालीं जें सांगितलें, त्याचा अर्थ आज घरोघर एक पोरगा परदेशीं असतांना अधिक चांगला कळावा.

आतां आजोबांच्या मूळ प्रश्नाचें उत्तर. ज्यांच्या घरीं अशी नातवंडें आहेत, त्यांनीं हें टिपून ठेवावें.

परदेशांत जन्मलेलें मूल, आई किंवा बाप भारतीय नागरिक असल्यास, वंशानें भारतीय होऊं शकतें. परंतु आपोआप नव्हे. जन्मापासून एक वर्षाच्या आंत तेथील भारतीय वकिलातींत त्याची नोंद करावी लागते, आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाहीं असें आईबापांनीं लिहून द्यावें लागतें. एक वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. अशा रीतीनें भारतीय झालेलें मूल दुसऱ्याही देशाचें नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत त्यानें तें दुसरें नागरिकत्व सोडावें, नाहीं तर आपलें जातें. दोन देशांचें नागरिकत्व आपला कायदा मानीत नाहीं. अमेरिकेचा नियम असा कीं, तेथील नागरिकानें त्या देशांत जा-ये तेथल्याच पासपोर्टावर करावी. त्यामुळें पुष्कळ घरें मुलास तेथला पासपोर्ट घेऊन, येथील ओसीआय नांवाची नोंदणी करून घेतात. २००६ सालीं सुरू झालेल्या या नोंदणीनें येथें येण्यास व राहण्यास जन्मभराची मोकळीक मिळते. मात्र मतदानाचा हक्क मिळत नाहीं, घटनात्मक पदें मिळत नाहींत, व शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. तें नागरिकत्व नव्हे. पाहुण्यास दिलेली घराची किल्ली आहे. ज्या घरास निर्णय अजून करावयाचा आहे, त्यानें एक वर्षाची मुदत विसरूं नये. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आंत हा विचार पुरा झाला पाहिजे.

बारशाच्या संध्याकाळची एक गोष्ट सांगावयाची राहिली. समारंभ आटोपल्यावर पाळणा तसाच उभा होता. रिकामा पाळणा हलवूं नये, म्हणून आजीबाई मुलांस रागावत होत्या. तेवढ्यांत भांडीं घासावयास येणारी बाई आपलें तान्हें घेऊन आली. ती छत्तीसगडची, नवरा कारखान्यांत कंत्राटी मजूर. मूल गेल्या श्रावणांत बुटीबोरींतच, राहत्या खोलींत जन्मलें. आजीबाईंनीं तें उचलून पाळण्यांत ठेविलें. थोरल्या वहिनी सहज बोलून गेल्या, "बाहेरचे लोक किती वाढलेत हो इथें!"

आजोबा एरवीं हें वाक्य स्वतःच म्हणत. त्या दिवशीं ते म्हणाले, "वहिनी, १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होतें, त्यांत रायपूर-बिलासपूरही होतीं. हिचा आजा आणि माझे वडील एकाच राज्यांत राहत होते. ती बाहेरची केव्हांपासून झाली?" मग त्यांनीं बाईस विचारलें, "जन्माची नोंद केलीस काय ग?" तिनें मान हलविली. केली नव्हती.

त्या मुलाच्या नागरिकत्वाविषयीं वाद नाहीं. आईबाप दोघेंही भारताचे नागरिक, आणि देशांत कोठेंही राहण्याचा त्यांस घटनेनेंच हक्क दिला आहे. जन्माचा दाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे, हेंही खरें; तो जन्म केव्हां व कोठें झाला एवढेंच सांगतो. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळा-प्रवेश, मतदार-यादी, पासपोर्ट इत्यादि कामीं जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते; महिना उलटल्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा हुकूम. हें त्या बाईस कोणी सांगितलें नव्हतें. आमच्या चिरंजीवांस न्यू जर्सींत वकील आहे. तिला तिच्या मालकिणीच्या घरावांचून दुसरें कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों, तेव्हां आजोबा चष्मा लावून जेवणाच्या मेजावर बसले होते. एका बाजूस चिरंजीवांस पाठवावयाची वकिलातीच्या कागदांची यादी होती. दुसऱ्या बाजूस त्या तान्ह्याच्या जन्मनोंदीचा अर्ज होता. जन्मस्थळाच्या रकान्यांत त्यांनीं आपल्या वळणदार अक्षरांत 'बुटीबोरी' असें लिहिलें होतें, आणि बाई समोर उभी राहून मुलाचें नांव सांगत होती.